घरातल्या बोक्याला प्लेगपासून कसे जपावे? (सांता फे, न्यू मेक्सिको)

पिन्यॉनवाडी | ९ जून

नमस्कार. आम्ही दोन वर्षांपूर्वी शिकागोहून न्यू मेक्सिकोत, सांता फे शहराच्या बाहेर राहायला आलो. घराभोवती दीड एकर जागा आहे, तीत पिन्यॉन आणि ज्युनिपरची खुरटी झाडे आहेत, मागच्या भिंतीला लागून हिवाळ्यासाठी रचलेले सरपण आहे आणि कुंपण नावापुरते आहे. घरात गंपू नावाचा चार वर्षांचा बोका आणि तारा नावाची सात वर्षांची कुत्री आहे. शिकागोच्या फ्लॅटमध्ये खिडकीच्या काचेतून कबुतरांवर डोळे वटारण्यापलीकडे गंपूने काही केले नव्हते; इथे आल्यावर मात्र तो पक्का शिकारी झाला असून आठवड्यातून दोन-तीनदा उंदीर आणून दारातल्या पायपुसण्यावर ठेवतो.

मागच्या आठवड्यात सरपणाच्या ढिगाजवळ एक खार मरून पडलेली दिसली. ही आपल्याकडची पाठीवर पट्टे असलेली इवलीशी खार नव्हे. इथल्या खडकांत राहणारी खार चांगली मुंगसाएवढी असते. अंगावर जखम नव्हती. शेजारच्या आजींना सहज सांगितले, तर त्यांनी पहिल्यांदा विचारले ते एवढेच, "तुमचा बोका तिच्याजवळ गेला होता का?" मग त्यांनी प्लेगचे नाव काढले. प्लेग म्हटले की मला शाळेच्या पुस्तकातले १८९७ सालचे पुणे आणि रँडचा खून आठवतो. तो रोग आपल्या अंगणात असू शकतो हे पचवायला मला दोन दिवस लागले.

माझ्या शंका तीन आहेत. इथले बरेच लोक म्हणतात की सात हजार फूट उंचीवर, इतक्या कोरड्या हवेत पिसवा होतच नाहीत, त्यामुळे पिसवांचे औषध लावण्याची गरज नाही. हे कितपत खरे आहे? औषध लावले तर गंपूला बाहेर सोडायला हरकत नाही असे नवऱ्याचे मत आहे आणि माझ्या मनाला ते पटत नाही, कोणाचे बरोबर? आणि तारा रात्री आमच्या पलंगावर झोपते, त्याचे काय करावे?

टवाळ | ९ जून

बोक्याने प्रेमाने आणलेला आहेर तुम्ही पायपुसण्यावरून परस्पर कचऱ्यात टाकता आणि वर त्याच्यावर रोगराईचा आळ घेता, याबद्दल समस्त मार्जारकुळाच्या वतीने निषेध नोंदवतो. जाणकारांची वाट पाहत आहे.

शंकासुर | ९ जून

धागा वाचून लोक उगाच घाबरतील म्हणून आकडा आधी सांगतो. अमेरिकेत वर्षाला सरासरी सात माणसांना प्लेग होतो. तेहतीस कोटींच्या देशात सात. वीज पडून दगावणारी माणसेसुद्धा याहून कितीतरी जास्त असतात. शिवाय हा रोग आता प्रतिजैविकांनी बरा होतो. मेलेली खार गिधाडांसाठी सोडून द्या, बोक्याला त्याचे आयुष्य जगू द्या आणि तुम्हीही सुखाने झोपा.

फोर्टकॉलिन्सकर | १० जून

मी कोलोरॅडोत एका पशुवैद्यकीय दवाखान्यात तंत्रज्ञ म्हणून काम करते. आमच्याच गावात रोगनियंत्रण केंद्राची प्लेगवर काम करणारी शाखा आहे, त्यामुळे हा विषय आमच्याकडे दरवर्षी उन्हाळ्यात निघतोच.

शंकासुर यांचा आकडा बरोबर आहे, पण तो माणसांचा आहे आणि प्रश्न बोक्याचा आहे. माणसांचे हे थोडके रुग्णही देशभर विखुरलेले नसतात. न्यू मेक्सिको, ॲरिझोना आणि कोलोरॅडो या राज्यांत त्यांतले बहुतेक सापडतात, आणि तिथेही ते शहराच्या मध्यात नव्हे तर पिन्यॉनवाडी यांनी वर्णन केले आहे नेमक्या तशाच घरांच्या आसपास सापडतात. तेहतीस कोटींचा भागाकार त्यांच्या अंगणाला लावण्यात अर्थ नाही.

मांजरांच्या बाबतीत या जिवाणूचे वागणे फार वाईट आहे. कुत्र्याला लागण झाली तर बहुधा दोन दिवस ताप येतो, तो मलूल होतो आणि आपल्या लक्षात येण्याआधी बराही होतो. मांजर मात्र सपाटून आजारी पडते. लागण झाल्यावर एक ते चार दिवसांत अंगात ताप भरतो, खाणे सुटते आणि जबड्याखाली किंवा गळ्याशी गाठ येते, कधी ती फुटून वाहू लागते. गाठ जबड्याखालीच का, यातच तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आहे. मांजराला प्लेग होतो तो पुष्कळदा पिसू चावल्यामुळे नव्हे, तर आजारी उंदीर किंवा ससा तोंडात धरल्यामुळे आणि खाल्ल्यामुळे. जंतू तोंडावाटे शिरतात आणि तिथल्या सर्वांत जवळच्या लसिकाग्रंथीत ठाण मांडतात. म्हणून पिसवांचे औषध लावले की बोका सुरक्षित झाला, हे तुमच्या यजमानांचे म्हणणे अर्धेच खरे आहे. औषध कातडीला लावता येते, दातांना लावता येत नाही. मांजरासाठी बाजारात प्लेगची लसही नाही. शिकारी बोक्याला यापासून वाचवायचे तर त्याची शिकार बंद करणे हाच खरा उपाय आहे.

आणि यात माणसाचा संबंध किती, तर १९७७ ते १९९८ या काळात पश्चिमेकडच्या आठ राज्यांत मांजरांमुळे प्लेग झालेल्या २३ माणसांची नोंद आहे, त्यांपैकी पाच दगावली. चावा, ओरखडा, आणि मांजराच्या फुप्फुसांत रोग उतरला असेल तर त्याचा खोकला, असे हे मार्ग आहेत. या २३ जणांत पशुवैद्यकीय दवाखान्यांत काम करणारेही होते, म्हणून मी हा आकडा तोंडपाठ म्हणते.

डॉ_खूर | १० जून

वरील प्रतिसादाशी पूर्ण सहमत. मी अहमदनगरकडे तीस वर्षे जनावरांचा डॉक्टर म्हणून काम केले. प्लेगचे मांजर कधी पाहिले नाही, परंतु एका गोंधळाबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही. आपल्याकडे कुत्र्यामांजराच्या अंगावर जे काही वळवळते त्याला सरसकट गोचीड म्हणण्याची पद्धत आहे, आणि औषधाच्या दुकानातही लोक तसेच मागतात. गोचीड आठ पायांची, कातडीला चिकटून रक्त पिऊन फुगणारी आणि उडी न मारणारी असते. पिसू सहा पायांची, दोन्ही बाजूंनी चेपल्यासारखी चपटी असते, केसांतून सरसर पळते आणि उडी मारते. प्लेग पसरतो तो पिसवांमुळे. तेव्हा पाकिटावर फक्त गोचिडीचे नाव असेल तर ते औषध या कामाचे नाही.

दुसरे असे की पिसू तापलेल्या अंगाची भुकेली असते. यजमान प्राणी मेला आणि त्याचे अंग थंड पडू लागले की ती त्याला सोडून जवळ येणाऱ्या पुढच्या गरम अंगावर जाते. मेलेल्या खारीला हुंगणारी कुत्री म्हणजे तिच्या दृष्टीने दारात येऊन थांबलेली एस.टी. होय.

टवाळ | १० जून

डॉक्टर, ती एस.टी. थेट पलंगापर्यंत जाते, मध्ये थांबा नाही, हे पिन्यॉनवाडी यांनी आधीच कळवले आहे.

ग्रंथकीटक | ११ जून

या निमित्ताने एक जुनी गोष्ट आठवली. १८९६ साली मुंबईत मांडवी भागात प्लेग सुरू झाला, तो डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी ओळखला, हे बहुतेकांना ठाऊक असते. उंदरापासून उंदराला हा रोग पिसवांमार्फत जातो हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने १८९८ मध्ये कराचीत दाखवले, पण तेव्हा त्याचे फार कोणी ऐकले नाही. पुढे मुंबईत संशोधकांनी प्लेगग्रस्त घरांत गिनीपिग सोडून, त्यांच्या अंगावर जमलेल्या पिसवा मोजून ते पक्के केले. आता गंमत अशी की, त्याच सुमारास अमरावतीत काम करणारे ब्युकॅनन नावाचे लष्करी पेशाचे डॉक्टर होते. त्यांनी १९०८ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये चक्क असे मांडले की मांजरे प्लेगला आळा घालतात, कारण ज्या वस्तीत मांजरे भरपूर तिथे उंदीर कमी आणि म्हणून प्लेगही कमी. म्हणजे वऱ्हाडात जे मांजर प्लेगवरचा उपाय ठरले, तेच न्यू मेक्सिकोत प्लेगचे वाहन ठरते आहे. या विसंगतीचा उलगडा कोणी करू शकेल का?

फोर्टकॉलिन्सकर | ११ जून

प्रश्न आवडला. माझ्या समजुतीप्रमाणे फरक उंदरांच्या जातीत आणि त्यांच्या पत्त्यात आहे. तुमच्या मुंबईत आणि वऱ्हाडात रोग होता तो घरातच राहणाऱ्या, आढ्यात आणि धान्याच्या कणगीत नांदणाऱ्या उंदरांत. मांजराच्या वासाने ते घर सोडून गेले तर त्यांच्याबरोबर पिसवाही जात. इथे रोग घरात नाहीच. १९०० साली सॅन फ्रान्सिस्को बंदरात प्लेग उतरला, तिथून तो कॅलिफोर्नियातल्या खारींमध्ये गेला आणि डोंगर ओलांडत रॉकी पर्वतापर्यंत पसरला. शहरी उंदरांतून पसरलेली शेवटची मोठी साथ १९२४-२५ ची, लॉस एंजेलिसची. त्यानंतर हा रोग रानात मुक्कामाला आहे: खडकांतल्या खारी, प्रेअरी डॉग, वुडरॅट, चिपमंक यांच्यात. इथे मांजर रोग घराबाहेर ठेवत नाही, तो रानातून उचलून घरात आणते.

पिन्यॉनवाडी यांच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तरही यातच आहे. त्यांचे शेजारी खोटे बोलत नाहीत. मुंबईत किंवा फ्लॉरिडात कुत्र्यामांजरांना छळणारी नेहमीची पिसू दमट हवेची आहे आणि सांता फेच्या कोरड्या थंडीत तिचा टिकाव लागत नाही, म्हणून लोकांना "इथे पिसवा नाहीत" असे मनापासून वाटते. खारींवरच्या पिसवा मात्र वेगळ्या जातीच्या असतात. त्या बिळात राहतात आणि बिळातला ओलावा त्यांना पुरतो. त्यामुळे इथे पाळीव जनावरावर पिसू क्वचितच सापडते, पण सापडते ती बहुधा रानातली असते, आणि प्लेग पसरवण्यात हीच पिसू पटाईत आहे. घरगुती मांजराची नेहमीची पिसू त्या कामात फारच ढिली आहे. म्हणून पिसवा कमी असलेल्या या प्रदेशातच औषधाची गरज जास्त आहे. मार्च ते नोव्हेंबर तर नक्कीच, आणि आमचे डॉक्टर वर्षभर द्यायला सांगतात.

शंकासुर | ११ जून

वरचा परिच्छेद वाचून माझे निम्मे मत मागे घेतो. निम्मे राखून ठेवतो, कारण बोक्याला जन्मठेप देण्याइतका पुरावा मला अजून दिसत नाही.

मनीमाऊची_आत्या | १२ जून

शंकासुर, निदान एकदा तरी आपले मत जुळले. बाहेर हिंडायची सवय लागलेल्या मांजराला एकाएकी कोंडले तर ते पडदे फाडते, दारात बसून रडते आणि सगळ्या घराची झोप घालवते. हे मी स्वतः सोसले आहे. पिसवांचे चांगले औषध आणि गळ्यात घुंगरू, एवढ्यावर भागवता येणार नाही का?

औषधावरून मात्र एक पोटतिडकीने सांगते. आम्ही टेक्सासमध्ये असताना मी घाईघाईत दुकानातून कुत्र्याच्या पिसवांचे थेंब आणले आणि "मांजर लहान आहे, तर निम्मे लावू" असा हिशेब करून माझ्या सोनीच्या मानेवर लावले. त्या थेंबांत परमेथ्रीन होते. तीन तासांत तिचे अंग थरथरायला लागले, मग झटके सुरू झाले. रात्री दवाखान्यात न्यावे लागले, अंघोळ घालून औषध उतरवले, दोन दिवस सलाईनवर ठेवले तेव्हा ती वाचली. चूक सर्वस्वी माझी होती, पाकिटावर मांजराच्या चित्रावर फुली मारलेली होती आणि मी ती पाहिली नव्हती. मांजराच्या यकृताला परमेथ्रीनची विल्हेवाट लावता येत नाही, त्यामुळे निम्मे काय नि पाव काय, तिच्यासाठी ते विषच.

डॉ_खूर | १२ जून

आत्याबाई, आपण हे मोकळेपणाने लिहिलेत ते फार बरे केलेत. त्यात भर एवढीच की कुत्र्याला तसले थेंब लावले आणि मांजर त्याच्या अंगाला अंग घासून झोपत असेल, तरीही विषबाधा होऊ शकते. ज्या घरात दोन्ही आहेत तिथे कुत्र्यासाठीसुद्धा परमेथ्रीन नसलेले औषध घ्यावे. मांजरासाठी सेलामेक्टिन किंवा फ्लुरालानर यांसारखी औषधे डॉक्टरांकडून वजनाप्रमाणे लिहून घ्यावीत. फ्लुरालानरच्या जातीच्या औषधांमुळे काही जनावरांना झटके येऊ शकतात, म्हणून पूर्वी फिट आलेली असल्यास ते आधी सांगावे. बाजारातल्या स्वस्त पट्ट्यांवर विसंबू नये. आणि घुंगराबद्दल म्हणाल तर पक्षी त्याने सावध होत असतील. आजारी, ग्लानीत पडलेला उंदीर घुंगरू ऐकूनही पळू शकत नाही, आणि आपल्याला भीती आहे ती नेमकी त्याच उंदराची.

बालाघाट | १३ जून

मी बीडचा आहे. १९९४ साली प्लेगमुळे मामला गावाचे नाव सगळ्या देशाच्या वर्तमानपत्रांत आले, तेव्हा मी जिल्ह्यातच शिक्षक होतो. आदल्या वर्षीच्या सप्टेंबरात किल्लारीचा भूकंप झाला होता. त्यानंतर लोक भिंतीखाली झोपायला धजत नव्हते, धान्य मात्र घरातच होते आणि उंदरांना रान मोकळे मिळाले होते, असे तेव्हा सांगितले जाई. माणसे आजारी पडली ती सप्टेंबरात, पण गावकऱ्यांची पहिली तक्रार ऑगस्टमधली होती आणि ती तापाची नव्हे, पिसवांची होती. उंदीर पडत होते आणि घरात पिसवा झाल्या होत्या. माझी आजी तिच्या लहानपणी ऐकलेले सांगायची की घरात उंदीर पडला की माणसे भांडीकुंडी घेऊन शेतात माळावर झोपड्या घालून राहत. त्या पिढीला जिवाणू ठाऊक नव्हता, पण पडलेला उंदीर वाचता येत होता. तुमच्या शेजारच्या आजींनी विचारलेला प्रश्न त्याच जातीचा वाटला.

हे लिहिण्याचे कारण वेगळे आहे. त्या वेळी आरोग्य खात्याच्या माणसाने आम्हा शिक्षकांना एक क्रम पक्का सांगितला होता: आधी पिसवा, मग उंदीर. आधी घराघरांत, बिळांच्या तोंडाशी कीटकनाशक भुकटी मारायची आणि नंतर उंदरांच्या मागे लागायचे. क्रम उलटा केला तर मेलेल्या उंदरांवरच्या सगळ्या पिसवा माणसांकडे मोर्चा वळवतात. म्हणून ताई, घाबरून अंगणात उंदरांचे विष टाकायच्या विचारात असाल तर थांबा.

पिन्यॉनवाडी | १३ जून

बालाघाट सर, आपला प्रतिसाद वाचला तेव्हा विषाचा डबा आणलेला होता आणि नवरा हातमोजे शोधत होता. डबा परत केला. शिवाय विष खाल्लेला उंदीर गंपूने खाल्ला असता तर काय झाले असते, हा विचार आम्हा दोघांपैकी कोणाच्याही डोक्यात आला नव्हता.

ती खार मात्र तशीच पडून आहे. तिची विल्हेवाट कशी लावायची?

फ्लॅगस्टाफी | १३ जून

आम्ही उत्तर ॲरिझोनात राहतो, त्यामुळे यातून गेलो आहोत. आधी तारा आणि गंपू यांना घरात बंद करा. पूर्ण बाह्यांचे कपडे, मोजे, हातमोजे घाला आणि अंगाला कीटक दूर ठेवणारे डीट असलेले औषध लावा. खारीवर दुरूनच पिसवांचा फवारा मारून थोडा वेळ जाऊ द्या, मग लांब दांड्याच्या फावड्याने उचलून एकात एक अशा दोन प्लास्टिक पिशव्यांत बांधा. त्याआधी आरोग्य खात्याला फोन करून विचारा, कारण कधी कधी त्यांना ती तपासणीसाठी हवी असते. उंदरांच्या लेंड्या दिसल्या तर कोरड्या झाडू नका, ब्लीचच्या पाण्याने भिजवून पुसा. तुमच्या राज्यात उंदरांच्या लेंड्यांतून माणसाला लागणारा हंताव्हायरसही आहे.

सरपण घराच्या भिंतीपासून जितके दूर नेता येईल तितके न्या. भिंतीला टेकलेला लाकडाचा ढीग म्हणजे खारींना बांधून दिलेली चाळच असते. कुत्रीचे खाणे रात्री बाहेर ठेवू नका आणि पक्ष्यांसाठी दाणे टांगले असतील तर तेही काढा, खाली सांडलेल्या दाण्यांवर उंदीर जगतात.

पलंगाबद्दल माझे मत कडक आहे. न्यू मेक्सिकोत प्लेग झालेल्या माणसांची त्यांच्याच शेजाऱ्यांशी तुलना करणारा एक छोटा अभ्यास २००८ साली छापून आला होता. त्यात रोग झालेल्यांमध्ये कुत्र्याला पलंगावर घेऊन झोपणारे जास्त निघाले. अभ्यास लहान आहे हे मान्य, पण कारण इतके सरळ आहे की मला आणखी मोठ्या अभ्यासाची गरज वाटली नाही. आमचा मोती आता पलंगाखाली झोपतो आणि महिनाभर माझ्याशी बोलत नव्हता. फिरायला नेताना त्याची दोरी आखूड धरतो आणि प्रेअरी डॉगच्या वसाहतीपासून लांब राहतो. एरवी किलबिलणारी वसाहत अचानक चिडीचूप झाली तर ते वाईट लक्षण मानतात, कारण प्लेग शिरला की अख्खी वसाहत मरून जाते.

टवाळ | १४ जून

मी इतका वेळ प्रेअरी डॉग हा कुत्रा समजून त्याच्या पिसवांच्या औषधाचा विचार करत होतो. आत्ता छायाचित्र पाहिले, ती तर बिळात राहणारी खार निघाली. क्षमस्व.

फोर्टकॉलिन्सकर | १४ जून

टवाळ, तुमचा विचार अगदीच वाया गेलेला नाही. काळ्या पायांचा फेरेट म्हणून मुंगसासारखा एक दुर्मीळ प्राणी आहे, त्याचे पोट प्रेअरी डॉगवरच भरते, म्हणून त्याला वाचवण्यासाठी खरोखरच वसाहतींच्या बिळांत कीटकनाशक भुकटी भरतात, आणि शेंगदाण्याच्या लोण्याची चव दिलेल्या गोळ्यांतून प्रेअरी डॉगना लस खाऊ घालण्याचेही प्रयोग झाले आहेत.

फ्लॅगस्टाफी यांच्या पलंगाच्या मुद्द्याला दुजोरा. २०१४ साली कोलोरॅडोत एका कुत्र्यामुळे त्याच्या मालकासह चार माणसांना फुप्फुसाचा प्लेग झाला होता. चौघेही वाचले. कुत्र्याला सहसा काही होत नाही यावर विसंबून माणसे गाफील राहतात.

पिन्यॉनवाडी | २ ऑगस्ट

बरेच दिवसांनी लिहिते आहे. जूनमध्येच औषधे सुरू केली, सरपण कुंपणापाशी नेले, तारासाठी जमिनीवर वेगळी गादी घातली. आरोग्य खात्याने खार कुजलेली असल्याने तपासायला घेतली नाही, आम्हीच ती पुरेशा धास्तीने पिशवीत भरली. गंपूच्या बाबतीत मात्र आमची तडजोड झाली होती: दिवसा दोन तास बाहेर, तेही नजरेखाली. मांजर नजरेखाली ठेवणे म्हणजे काय असते हे मांजर पाळणाऱ्यांना सांगायला नको.

जुलैच्या मध्यात एका सकाळी तो कपाटामागे जाऊन बसला आणि खायला आला नाही. अंग गरम लागत होते आणि जबड्याखाली लिंबाएवढी गाठ होती. माझे हात गार पडले. हा धागा वाचला नसता तर मी त्याला कुशीत घेऊन थेट दवाखान्यात गेले असते. त्याऐवजी आधी फोन केला आणि "उंदीर खाणारा बोका, ताप, जबड्याखाली गाठ" एवढे सांगितले. पलीकडच्या बाईंचा आवाजच बदलला. त्यांनी आम्हाला गाडीतच थांबायला सांगितले. डॉक्टर आणि मदतनीस मास्क, डोळ्यांवर चष्मे, झगे आणि हातमोजे घालून मागच्या दाराने पिंजरा आत घेऊन गेले. गाठीतले पाणी सुईने काढून राज्याच्या प्रयोगशाळेत पाठवले आणि निकालाची वाट न पाहता त्याच वेळी औषध सुरू केले. आम्हा दोघांना दिवसातून दोनदा ताप मोजायला सांगितले आणि आमच्या डॉक्टरांनाही कळवायला सांगितले, कारण माणसाला ताप आला तर "घरात संशयित मांजर आहे" हे वाक्य आपणच बोलावे लागते, समोरच्याला ते सुचत नाही.

पहिले तीन दिवस गंपू दवाखान्यातच वेगळा होता, कारण औषध सुरू होऊन ७२ तास झाले आणि जनावर सुधारत असले की त्याच्यापासून धोका राहत नाही असे ते धरतात. घरी आल्यावर डॉक्सिसायक्लिनची गोळी दिल्यानंतर पिचकारीने पाणी पाजायचे होते, कारण ती मांजराच्या अन्ननलिकेत अडकली तर तिथे जखम करते. ते काम नवऱ्याने केले. त्याच्या हातांवरचे ओरखडे अजून भरले नाहीत.

निकाल प्लेगचा आला नाही. ते गळू होते, बहुधा दुसऱ्या बोक्याशी झालेल्या मारामारीतले.

शंकासुर | २ ऑगस्ट

निकाल वाचून हायसे वाटले. "मी म्हणालो नव्हतो का" असे लिहिणार होतो, पण तुमच्या त्या तीन दिवसांचा विचार करून ते खोडले. आता बोका कुठे असतो?

मनीमाऊची_आत्या | २ ऑगस्ट

गंपूला माझ्याकडून एक पापा. अर्थात ७२ तास उलटले असतील तरच.

पिन्यॉनवाडी | ३ ऑगस्ट

पूर्ण वेळ घरात. नवऱ्याने व्हरांड्याला खालपासून वरपर्यंत बारीक जाळी ठोकून दिली आहे, तिथे गंपू दिवसभर बसून खारींना शिव्या देतो. आत्याबाई म्हणाल्या तसे दोन आठवडे रडून झाले, एक पडदा फाडून झाला, आता बरेच शांत आहे.

मात्र काल रात्री स्वयंपाकघरात धडपड झाली म्हणून उठून पाहिले, तर गंपू सिंकखाली दबा धरून बसला होता आणि एक उंदीर भिंतीतल्या फटीत शिरत होता. म्हणजे बाहेर जायचे बंद केले तर शिकार घरपोच येऊ लागली. यावर काय करावे?

फोर्टकॉलिन्सकर | ३ ऑगस्ट

फट किती मोठी आहे? पेन्सिल जाईल एवढ्या भोकातून उंदीर जातो. भांडी घासायची तारेची घासणी त्यात दाबून बसवा आणि वरून सिलिकॉन भरा. नुसता फोम भरू नका, तो कुरतडतात. आणि आतल्या बाजूला एखादा सापळा लावणार असाल तर तो गंपूच्या पंजाला लागणार नाही अशा जागी, कपाटाच्या आत लावा.

पिन्यॉनवाडी | ३ ऑगस्ट

पेन्सिल घालून पाहिली. खोडरबरासकट आत गेली आणि बाहेर आली नाही. नवरा घासण्या आणायला गेला आहे.